हरळी आणि फुटबॉल

हरळीचे नाव काढले की तुमच्या कपाळावर आठी पडते, हे मला ठाऊक आहे. माझी निम्मी नोकरी 'हरळी खणून काढा, काशा वेचून जाळा' असे सांगण्यात गेली. म्हणून २०१८ च्या मे महिन्यात एका माध्यमिक शाळेचे क्रीडाशिक्षक कचेरीत येऊन "साहेब, आम्हाला हरळी लावायची आहे," असे म्हणाले, तेव्हा मी त्यांना आधी चहा पाजला आणि मग तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

गाव कोल्हापूर जिल्ह्यातले, पंचगंगेच्या काठचे. तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना आमचे फुटबॉलचे वेड सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की खेड्यांतली पोरेही मोटारसायकलवरून शहर गाठतात. त्यात २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली आणि भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने डोक्याने एक गोल केला, तेवढाच आपला. पण तो गोल पाहून गावातल्या सातवी-आठवीच्या पोरांनी चेंडू पायात घेतला तो सोडलाच नाही.

या वयाच्या मुलांसाठी सुब्रतो चषक ही मोठी स्पर्धा. १९६० पासून चालत आलेली, भारतीय हवाई दलाच्या आधाराने भरणारी. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ तेव्हा दिल्लीपर्यंत जात असे. त्या वर्षी लहान मुलांचा गट १४ वर्षांखालील होता. मुलींना मात्र १७ वर्षांखालील एकच गट. त्यामुळे सहावी-सातवीच्या मुलींना दहावीच्या मुलींच्या अंगावर जावे लागे. शाळेत मुलीही खेळत, पण शाळा सुटली की पाणी भरायला घरी पळत. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळे लिहीन.

तर मैदान. जमीन काळी, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतणारी. पाणी काढून दिल्याशिवाय हरळीचा उपयोग नव्हता. मधला भाग कासवाच्या पाठीसारखा उंच धरून दोन्ही अंगांना चर काढले, मुरमाचा थर दाबला, त्यावर चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत पसरले. हरळीच्या दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या तोडून वितीवितीवर लावायच्या, एवढे माझे शास्त्र. गाव हसले. हरळी द्यायला मात्र सगळे पुढे! एका दिवसात चार गाड्या भरून आल्या. अशी एकजूट मी कोणत्याही शासकीय योजनेत पाहिली नाही.

आता अडचण अशी की, चेंडूचा हंगाम आणि खरिपाचा हंगाम एकच. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात, आणि पोरांच्या हातांची घरी गरजही पावसाळ्यातच. जुलैत तालुक्याचे सामने लागले. आमचा गोलरक्षक आठवीतला, बोटे लांब, बोलणे कमी. सामना सोमवारी आणि शुक्रवारपासून तो सरावाला बेपत्ता. शिक्षक म्हणाले, "साहेब, त्याचे वडील तुमचे ऐकतात. तुम्ही जरा सांगा."

मी मोठ्या ऐटीत गेलो. आबा गुडघाभर चिखलात उभे होते. मी विषय काढला. त्यांनी हातातली रोपाची पेंढी बांधावर ठेवली आणि म्हणाले, "सायेब, रोप पंचवीस दिसाच्या आत लावा, न्हाईतर फुटवं कमी येत्यात, हे तुमीच सांगितलंय न्हवं? आज चोविसावा दिस हाय. गडी मिळंना झालाय. तुमचा चेंडू थांबंल, माझं रोप थांबंल व्हय?"

वाचकहो, काय उत्तर देणार? सल्ला माझाच होता, आणि बरोबरही होता. मी बांधावरच बसलो. १९८३ साली मी तेरा वर्षांचा असताना माझीही तालुक्याच्या संघात निवड झाली होती. भुईमुगाची भांगलण होती आणि वडील नको म्हणाले. मी त्या दिवशी खुरपे घेऊन सरीत बसलो आणि मित्रांची गाडी रस्त्याने गेली ती पाठमोरी पाहिली. पुढे मी बीएस्सी ॲग्री झालो, साहेब झालो. पण ती गाडी अजून डोळ्यांपुढून जात नाही. आणि वडील चुकले असेही मला म्हणता येत नाही. त्या वर्षी घरात दोनच हात कामाचे होते आणि माझे दोन धरून चार.

हे सारे मी आबांना सांगितले नाही. शाळेत परत आलो आणि शिक्षकांना म्हणालो, "वडिलांचेच बरोबर आहे." मुले ऐकत होती. मला वाटले, विषय संपला.

रविवारी सकाळी संघातली नऊ पोरे इरली-प्लॅस्टिक पांघरून आबांच्या बांधावर हजर. पैरा करायचा म्हणाली. तुमच्या घरचे रोप आज लावतो, आमच्या घरी लागण निघेल तेव्हा तुमचा पोरगा येईल. आबा आधी चिडले, मग म्हातारीने सगळ्यांना भाकरी आणि खर्डा वाढला तेव्हा गप्प झाले. तीस गुंठे रान दिवेलागणीपर्यंत लावून झाले. ओळी काय सांगाव्यात! मी वर्षानुवर्षे दोरीवर लागण करा म्हणून घसा कोरडा केला होता. या पोरांच्या ओळी ओढ्यासारख्या वाकड्यातिकड्या. आबा कापणीपर्यंत त्यावर कुरकुरत होते.

सोमवारी गोलरक्षक गेला. पहिला सामना आमची मुले एका गोलाने जिंकली, दुसऱ्यात तीन गोलांनी सपाटून हरली. हंगाम तिथेच संपला. पोरगा रात्री घरी आला तेव्हा आबांनी एवढेच विचारले, "तीन्ही तुझ्याच अंगावरनं गेलं का?" तो हो म्हणाला. आबा म्हणाले, "जेव."

पैरा मात्र त्याने चुकवला नाही. पुढचे दोन आठवडे तो सात घरांच्या चिखलात होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. गावची खालची शिवारे आणि शाळेचे मैदान पाण्याखाली राहिले. ऊस शेंड्यापर्यंत बुडून कुजला, आबांचे भातही गेले. पूर ओसरल्यावर मी पंचनाम्यांच्या कामाला गेलो. लोकांशी काय बोलावे ते सुचत नव्हते. नुकसानीचे आकडे लिहून परत निघालो, तर मैदानावर पोरे घमेली घेऊन गाळ ओढत होती. गाळाच्या भेगांतून हरळीचे कोंब वर आले होते. आबांचा मुलगा आता चौदा ओलांडून मोठ्या गटात गेला होता, आवाजही फुटला होता. मला पाहून तो जवळ आला.

"सर, खेळायला किती दिवस लागतील?"

मी टाच रोवून माती पाहिली. अजून ओल होती. "तीन आठवडे तरी पाय ठेवू नका," म्हणालो.

दहाव्या दिवशी त्यांनी गोलाचे खांब रोवले.