भाचीने काढलेला घराण्याचा तक्ता



श्रावणात माझी भाची मालवणला आली. सूर्यास्ताआधी पिठी-भात आटोपला आणि ती कोरे कागद घेऊन सासूबाईंसमोर बसली. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, लग्न झालं की मध्ये रेघ. "आजी, तुमच्या घरात लहानपणी कुणी गेलं का? कुणाला सारखं रक्त चढवावं लागायचं का?" सासूबाईंना चार पिढ्या पाठ आहेत, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

भाची नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग केलं, दोन वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या काढल्या आणि आता मुंबईत रक्ताच्या अनुवंशिक आजारांवरच्या एका संशोधन प्रकल्पात आहे. ताईला हे पटलं नव्हतं. प्रकल्प संपला की नोकरीही संपते ना! (मला तर जीन्स म्हटलं की पँटच आठवायची.) तिला मात्र पुढे पीएच.डी. करायची आहे. नर्सिंगच्या 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात अनुवंशशास्त्र शिकवतात, हेही तिनेच सांगितलं.

मला वाटायचं, ही फक्त रक्त काढत असणार. पण ती आधी घरच्यांशी बोलते, संमतीपत्र समजावते, तक्ता काढते. मशीनला रक्तातलं कळतं, पण मेलेल्या बाळाबद्दल आजी मशीनशी थोडीच बोलणार?

तक्ता झाला आणि तिने माझ्या लेकीचे जुने रिपोर्ट मागितले. लेकीचं हिमोग्लोबिन कायम थोडं कमी, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत होतो. भाची म्हणाली, "मावशी, एचबीए-2 तपासून घे." तपासलं, तर लेक थॅलेसेमियाची वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण नवराही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. मुंबई, बडोद्यासह सहा शहरांत 56 हजारांवर लोकांची तपासणी झाली होती, त्यात पावणेतीन टक्के वाहक सापडले. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत हे प्रमाण जास्त आहे. आपणही पोटजात बघूनच सोयरीक करतो की.

नेमकी तेव्हाच लेकीची बोलणी चालू होती. मी भाचीवर चिडले. "आत्ताच काढायचं होतंस हे? स्थळ मोडलं म्हणजे?" ती शांतपणे म्हणाली, "लग्नानंतर कळलं तर अकरा-बारा आठवड्यांच्या गर्भाची तपासणी करावी लागते. तेव्हा काय ठरवशील, मावशी?" मी गप्प झाले. मुंगी चुकवून चालायला मीच शिकवलेल्या घरात तो प्रश्न यायला नको होता.

मग मला एक आठवलं. गेल्या वर्षी मुंबईत समाजाच्या तपासणी शिबिरात हीच होती, आणि मुलगाही तिथे गेला होता असं मध्यस्थ म्हणाले होते. मी हळूच विचारलं, "त्याचा रिपोर्ट काय गं आला?"

"ते त्याला विचार."

"अगं, मी सख्खी मावशी तुझी!"

"म्हणून तर. उद्या तुझ्या लेकीचं कुणी विचारलं, तर मी सांगू का?"

त्या रात्री मी तिच्याशी बोललेच नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि सासूबाई तो तक्ता चष्मा लावून परत परत बघत होत्या. "माझ्या नणंदेचं धाकटं असंच पांढरंफटक होतं," एवढंच म्हणाल्या.

सकाळी देवदर्शन करून मीच मुलाच्या आईला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, ठेवला फोन.

मग त्या म्हणाल्या, "तो शिबिराला गेला होता, पण सुईला घाबरून तसाच परत आला. तपासणीचं नाव परत सांगा हो, लिहून घेते."