सिंहगडाच्या वाटेवरील नेचे

आषाढ लागला कीं पुणेकरांचीं पावलें सिंहगडाकडे वळतात. १६७० सालचा तानाजीचा पराक्रम आठवीत सुमारें १३०० मीटर उंचीचा हा गड चढतांना खडकांच्या भेगांत उगवलेल्या नेच्यांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. काळ्या, चकचकीत देठांचा हंसराज वैद्यकामुळें पुष्कळांस ठाऊक असतो. रुपेरी नेच्याचें पान हातावर दाबून पांढरा ठसा उमटविण्याची मुलांस हौस असते. परंतु ह्यांचें खोड कोणतें, असें आम्हीं बरोबरच्या मंडळींस विचारलें, तेव्हां सर्वांनीं त्या काळ्या देठाकडेच बोट दाखविलें.

वस्तुतः तो पानाचा देठ होय. मातीच्या वर जें दिसतें तीं सारीं पानेंच. खोड पाहावयाचें तर भेगेंतली माती हलक्या हातानें दूर करावी. तपकिरी खवल्यांनीं झांकलेला एक आखूड गड्डा दिसतो. तेंच हंसराजाचें खोड. त्याच्या खालच्या अंगास बारीक मुळें असतात, आणि शेंड्याशीं गुंडाळलेलीं कोवळीं पानें.

सर्वच नेच्यांचें खोड असें नसतें. घाटांतील जुन्या वृक्षांवर वाढणाऱ्या बाशिंगाचें खोड जाड व लोकरीसारख्या खवल्यांचें असून सालीस बिलगून आडवें सरपटतें. महाबळेश्वराकडील ब्रॅकन नेच्याचें खोड जमिनींत खोलवर धांवतें; म्हणून वणव्यांत पानें जळालीं तरी तो पुन्हां फुटतो. वृक्षनेच्याचें खोड तर ताडासारखें उभें वाढतें. तथापि आंब्याच्या खोडावर जसें दरवर्षीं नवें लाकूड चढतें, तसें नेच्याच्या खोडावर चढत नाहीं. वृक्षनेच्याचा बुंधा जाड दिसतो तो बव्हंशीं भोंवतीं विणलेल्या मुळांमुळें. नेच्याच्या खोडाची वाढ शेंड्याकडूनच होते.

हंसराजाच्या आखूड गड्ड्यास असा शेंडा बहुधा एकच. पावसाळा सरला कीं पानें वाळून जातात. पुढील मृगापर्यंतचे कोरडे महिने तो गड्डाच निभावून नेतो. पान खुडलें तर दुसरें येतें. गड्डा उपटला तर तें रोप संपलें. औषधासाठीं किंवा घरच्या कुंडीसाठीं मुळासकट उपटून नेलेले झुबके वाटेवर पाहिले म्हणजे आम्हांस वाईट वाटतें. शहरांतल्या कोरड्या हवेंत त्यांतले थोडेच जगतात. मुलांस ठसा हवा असेल तर एखादें पान खुडूं द्यावें, आणि त्याच वेळीं मातींतलें तें खोडही त्यांस दाखवून पुन्हां नीट झांकावें.