पावती नसलेला खर्च

आईच्या सपिंडीला गुरुजींनी पणजीचं नाव विचारलं आणि आमची गाडी तिथेच अडली. यमुना की यशोदा यावर दोन काकांत जुंपली. ते नक्की सांगू शकली असती ती एकटी आईच.

म्हणून आजोबांची जन्मनोंद काढायला तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. कोतवाल बुकाची नक्कल हवी होती. नक्कल फी किरकोळच असते. महाग पडतं ते बाकीचं: एसटीचं भाडं, बुडालेली रजा, 'साहेब मिटिंगला गेलेत', आणि कपाटाची किल्ली सापडावी म्हणून द्यावं लागणारं चहापाणी. माहितीच्या अधिकारात अर्जाला 10 रुपये आणि पानाला 2 रुपये, हे मला पाठ होतं. ते म्हणून दाखवलं असतं तर पान सापडलंच नसतं, हेही कळत होतं.

पान मिळालं, पण मोडीत. कडा झडलेल्या, मधोमध वाळवीने खाल्लेलं. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही. आमच्या वाचकाने आधी पैसे मोजून घेतले, मग वाचलं: तारीख, गाव, जात, बापाचं नाव, 'मुलगा'. संपलं. बाळंत झालेल्या बाईचा पत्ताच नाही!

रागवायचं तरी कुणावर? दप्तरं जपली गेली ती कुणाच्या पणजीसाठी नव्हेच. 1852च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आलं, आणि ज्याला सनद दाखवता आली नाही त्याच्या इनामावर टाच आली. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल तेव्हा सोडले गेले ते दावे ताडून पाहायला. सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा ते नाव हवं होतं, आणि साऱ्याच्या कागदावर बायका अभावानेच यायच्या.

नाशिकला आमच्या क्षेत्रोपाध्यांकडेही गेलो. त्यांनी लांबलचक वही उलगडली, दक्षिणा आमच्यावर सोडली. ती मी आनंदाने जरा जास्तच दिली. पणजोबा गंगेवर आल्याची नोंद होती, स्वतःच्या सहीची. पुढे दोन शब्द: 'कुटुंब बरोबर'.

1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव सरकारी कागदावर सक्तीचं झालं आहे. पुढच्यांची सोय झाली. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी बायकांची नावं लिहून घ्या. माहेरचं नावही विचारा. लग्नात ते बदललेलं असायचं.