अडकित्त्यानं कापलेली ट्यूब

लोहाऱ्याच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात चुलीशेजारी एक दिवळी होती. तिच्यात आईचा करंडा, फणी, सुपारीचा अडकित्ता आणि १९९२ च्या उन्हाळ्यापासून एक ट्यूब. मी तेव्हा बारा वर्षांची. आत्या सोलापूरहून आली होती. माझ्या हनुवटीला धरून ती आईला म्हणाली, "वहिनी, पोरगी नाकीडोळी नीटस हाय, पण रंग बापाचा घेतलाय. आतापासनंच बघा कायतरी." पुढच्या आठवडी बाजारातून आईनं तेलामिठाबरोबर ती ट्यूब आणली.

रोज सकाळी हरभऱ्याच्या डाळीएवढा थेंब, त्याहून जास्त नाही. संपत आली की आई ट्यूब पोळपाटावर ठेवून लाटण्यानं लाटायची. त्यानंही काही येईना की अडकित्त्यानं तिचं पोट चिरायची आणि आतली साय बोटानं निपटून माझ्या गालाला लावायची. "लावायलीस ना रोज?" हा तिचा प्रश्न, आणि तो विचारताना ती माझ्याकडं भाजीची जुडी पारखावी तशी बघायची.

तिला माझा रंग खुपत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. तिला हिशोब दिसत होता. आमच्याकडं सोयरिकीच्या बैठकीत गोऱ्या मुलीच्या बापाशी बोलणी एका आकड्यापासून सुरू होत आणि सावळ्या मुलीच्या बापाशी दुसऱ्या. दोहोंत कधी दोन तोळ्यांचं अंतर, कधी एका मोटारसायकलीचं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण बैठकीत त्याचं नाव कुणी काढत नसे. आईच्या लेखी ती ट्यूब म्हणजे बचत होती. चार वर्षांत ट्यूबला घातलेले पैसे दोन तोळ्यांपुढं काहीच नव्हते.

मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. सास्तूर, किल्लारीकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. आमची एक भिंत पडली, माणसं वाचली. ढिगाऱ्यातून अडकित्ता निघाला. आरसा मात्र फुटला होता. पुढचे दहा महिने आम्ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काढले. त्या दहा महिन्यांत घरात आरसा नव्हता, ट्यूब नव्हती, आणि कुणी माझ्या तोंडाकडं पाहून काही बोललं नाही. भेटायला येणारी बाई गालावरनं हात फिरवायची ती मी जिवंत आहे म्हणून. एवढ्या दुःखाच्या दिवसांबद्दल असं म्हणताना जीभ अडखळते, पण माझा चेहरा त्या वर्षी फक्त माझा होता.

नवीन खोली बांधली, तिच्यात आरसा लागला, ट्यूबही परत आली.

आमच्याकडं शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. वडील पेरणीआधी ढेकूळ फोडून हातात घेत आणि म्हणत, "बघ, कशी काळीभोर हाय!" याहून मोठी स्तुती त्यांना येत नव्हती. त्याच वडिलांनी २००० मध्ये माझा बायोडाटा टाइप करून घेताना रंगाच्या रकान्यात 'निमगोरा' लिहवलं. गोरा, निमगोरा, गहूवर्ण, फार तर सावळा. काळा हा शब्द मी आजवर एकाही बायोडाट्यात वाचलेला नाही.

लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. २००३ मध्ये लेक झाली आणि दोन्ही गालांवर वांग आले. गरोदरपणात-बाळंतपणात पुष्कळ बायकांना येतात, उन्हानं गडद होतात. पार्लरमधल्या बाईनं एका ट्यूबचं नाव कागदावर लिहून दिलं, मेडिकलवाल्यानं काही न विचारता दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की सासूबाईंनी दृष्ट काढली. तिसऱ्या महिन्यात पुळ्या आल्या, हनुवटीवर लव आली, उन्हात गेलं की मिरची चोळल्यासारखी आग. ट्यूब थांबवली तर तोंड लालबुंद. मग पुन्हा तीच.

सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मला मोठ्यानं वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड. "ताई, हे औषध आहे. रोज लावायची क्रीम नाही." अशा तिहेरी मिश्रणाचा मूळ उपाय अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडला होता, तो वांगासारख्या डागांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्याकडं त्याचे भाऊबंद गोरं होण्यासाठी काउंटरवरून विकले गेले. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसू लागतात, आणि सोडलं की सगळं दुपटीनं उसळतं. ते उसळणं म्हणजे मूळ आजार, असं समजून बाई पुन्हा दुकानात जाते. मीही गेले होते. स्टेरॉइडच्या अशा मलमांना चिठ्ठी सक्तीची करणारी सरकारी अधिसूचना आली ती २०१८ मध्ये.

बरी व्हायला मला दोन वर्षं लागली. त्या काळात मी वर्गात फळ्याकडं तोंड करून जास्त वेळ लिहायचे. हळदीकुंकवाला दारातूनच वाण घेऊन परतायचे. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंत मी कुठंच नाही. कॅमेरा मीच धरला होता. रात्री सगळे झोपल्यावर आरशापुढं उभी राहून नखानं पुळ्या उकरायचे आणि सकाळी त्याचीच लाज वाटायची. डॉक्टरीणबाईंनी मलम बदललं, पण या सवयीवर मलम नव्हतं. ती आधी कुणाला तरी सांगावी लागते, आणि मी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेला, शादी डॉट कॉमवरून रंग निवडायची सोय गेली. मला खरंच बरं वाटलं. पण २०२३ मध्ये अकोल्याची बातमी वाचली. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरेपणाची स्थानिक क्रीम लावून मूत्रपिंडाच्या आजारानं डॉक्टरांकडं पोचल्या. क्रीममध्ये पारा होता. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. मी त्या बातमीतल्या आईपाशीच अडकले. तिघी एकाच डबीतून घेत असतील. पोरींना तिनंच दिली की पोरींनी तिला, कोण जाणे. माझ्या आईचं लाटणं डोळ्यांपुढं आलं.

गेल्या दिवाळीत लेकीचा बायोडाटा करायला बसलो. लेकीनं रंगाची ओळच ठेवली नव्हती. आई शेजारी सुपारी कातरत होती, त्याच अडकित्त्यानं. तिनं एकदम विचारलं, "तुझ्या तोंडाचं तसं झालतं, ते माझ्यामुळं झालं का गं?"

"नाही गं, ती ट्यूब वेगळी होती," मी म्हणाले. तिला ते पुरलं नाही. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलले. ट्यूब चिरल्यावर सगळं माझ्या गालाला लागायचं नाही. पात्याला राहिलेलं बोटानं पुसून, मी बाहेर गेले असं वाटल्यावर, ती स्वतःच्या गालाला लावायची. मी दारातून बघायचे.

आई लाजली. सत्तरीची माझी आई, उन्हातान्हात खुरपून रापलेली, पदर तोंडावर ओढून घेऊन म्हणाली, "मलाबी वाटायचं की गं."