नावड्याच्या वाटेवरचे जलकुंभ

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तळोजे औद्योगिक वसाहतीकडे जाताना वाटेत नावडे लागते. दिवा-पनवेल लोहमार्गावरील नावडे रोड हे छोटे स्थानक, जुने गाव आणि त्याच्या शेजारी उभी राहिलेली सिडकोची नवी वसाहत, एवढा हा परिसर. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि या गावाची गणना शहरात होऊ लागली.

या भागात वसुलीसाठी नित्य फिरणाऱ्या एका सळई व्यापाऱ्यास महामार्ग सोडून आतल्या रस्त्याने जाण्याची सवय होती. वाटेतील पाण्याच्या टाक्या न्याहाळणे हा त्याचा छंद. कुठे बुटकी, चौकोनी, ग्रामपंचायतीच्या काळातील टाकी. कुठे उंच खांबांवर तोललेला, खाली निमुळता होत गेलेला गोल जलकुंभ. शेवाळलेली कोणती, नुकतीच रंगवलेली कोणती, हे तो न थांबता सांगे. नुकताच पेढीवर बसू लागलेला त्याचा मुलगा मात्र बहुधा मोबाइलवरील भाव पाहण्यात गुंतलेला असे.

एके दिवशी तळोज्याहून परतताना मुलगा विशेष आनंदात होता. एका ठेकेदाराने मोठी मागणी नोंदवण्याची तयारी दाखवली होती. अट एकच होती. १२ मिलिमीटर जाडीच्या, १२ मीटर लांबीच्या सळईचे वजन सुमारे १०.६६ किलो भरते. त्याला नगामागे साडेनऊ किलोचा माल हवा होता आणि बिल पूर्ण वजनाचे. बाजारात असे चालतेच, असे मुलाचे म्हणणे.

वडिलांनी उत्तर दिले नाही. नावड्याजवळ एका जलकुंभाच्या सावलीत त्यांनी गाडी उभी केली आणि मुलाला वर पाहण्यास सांगितले. दहा लाख लिटर पाणी म्हणजे एक हजार टन वजन. दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो, म्हणून पाणी इतक्या उंचावर ठेवावे लागते. तेच पाणी टाकीची भिंत सतत बाहेर ढकलत असते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण भिंतीत गोल फिरवलेल्या सळईच्या कड्या धरून ठेवतात. तळाशी दाब अधिक, म्हणून तेथे त्या अधिक दाट. एकदा काँक्रीट ओतले की त्या कड्या कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. त्या किती वजनाच्या होत्या, हे विकणारा जाणतो आणि घेणारा जाणतो. खाली नळाशी हंडा लावणाऱ्या बाईस ते कधीच कळत नाही.

मुलाने विचारले, हा माल टाकीसाठीच जाणार, हे कशावरून? वडील म्हणाले, टाकीसाठी नसेल तर कोणाच्या तरी घराच्या छतासाठी जाईल.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याच्या मापात कमी-अधिक करणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल देणे, यांची स्पष्ट गणना आहे. पाठशाळेत हे दोन्ही शब्द मुलाने पाठ केले होते. पाणी गाळून पिण्याचा नियमही त्याच्या घरात कधी चुकला नव्हता. पाण्यातील सूक्ष्म जीवांची एवढी काळजी घेणाऱ्या घराने त्या पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसांची काळजी सळईच्या वजनात घ्यावी, हे मात्र त्याला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

त्याने तेथूनच ठेकेदारास दूरध्वनी केला आणि पूर्ण वजनाचाच माल मिळेल, असे सांगितले. मागणी दुसऱ्या पेढीकडे गेली. त्या महिन्याच्या खात्यात ती उणीव स्पष्ट दिसली. वडिलांनी तिचा उल्लेख केला नाही.

पुढच्या फेरीस मोबाइल खिशातच होता. नावडे येण्यापूर्वी मुलानेच हात करून दूरचा एक जलकुंभ दाखवला. त्याच्या कडेला गंजाचा तांबूस ओघळ उतरला होता. दोघेही काही वेळ त्या ओघळाकडे पाहत राहिले.