आधी गेज, मग पाना

ब्रेक दाबला की गाडी थरथरते, ही तक्रार चिपळूणच्या गॅरेजात बारा महिने येते. मे महिन्यात आणि गणपतीच्या तोंडावर जरा जास्तच. कोणी कुंभार्ली उतरून आलेला असतो, कोणी परशुराम घाट. दार उघडून खाली उतरायच्या आत निदान ऐकवलं जातं, "डिस्क वाकलीय हो, टर्निंग मारून द्या." आमच्यातले पुष्कळ जणही मान डोलावतात, कारण काम सोपं. डिस्क काढायची, लेथवर पाठवायची, संध्याकाळी गाडी द्यायची. काही महिन्यांनी तीच गाडी तीच थरथर घेऊन दारात उभी.

बिडाची डिस्क अशी उठसूट वाकत नाही. बहुतेक वेळा बिघडते ती तिची जाडी. सगळीकडे सारखी राहत नाही, एवढंच. फरक असतो शंभराव्या भागात, ०.०२ मिलिमीटरनेसुद्धा पाय आणि हात दोन्ही कुरकुरतात. ८० च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला अकरा-बारा फेरे घेतं. डिस्कचा जाड भाग पॅडांमधून गेला की पकड वाढते, बारीक भाग आला की सुटते. हा धक्का ब्रेक ऑइलमधून पॅडलला आणि टाय रॉडमधून स्टिअरिंगला पोचतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मी गाडी चालवून बघतो. ब्रेकला पाय न लावताच ८०-९० ला स्टिअरिंग हलत असेल, तर ते बॅलन्सिंगचं दुखणं. डिस्कला दोष देऊ नये. ब्रेक लावल्यावरच हात थरथरले तर पुढची चाकं. सीट हलते, पॅडल पायाला मारतं, पण स्टिअरिंग शांत, तर मागे बघायचं. मागे ड्रम असलेल्या गाडीला मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढतो. त्यातही थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. आणि खडीवर करकचून ब्रेक मारल्यावर पॅडल खडखडलं तर तो एबीएस आपलं काम करतोय, बिघाड नव्हे.

मग जॅक. चाक वर-खाली आणि आडवं हलवून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड तपासायचे, लोअर आर्मच्या बुशवर टॉर्च मारायचा. थरथर बुश निर्माण करत नाही, पण फाटलेला बुश ती दुप्पट करून दाखवतो. कॅलिपरच्या पिना बोटाने सरकतात का, तेही बघायचं. आमच्या पावसात त्या गंजून अडकतात, आणि मग आतला पॅड खंगतो, बाहेरचा नवा राहतो.

गेल्या पावसाळ्यात एक पांढरी हॅचबॅक आली. डिस्क आणि पॅड उन्हाळ्यातच दुसरीकडे नवे टाकलेले. मालक वैतागलेला : "माल डुप्लिकेट दिला असणार." चाक काढलं, नट वॉशर घालून परत आवळले म्हणजे डिस्क हबवर चपखल बसली, आणि कडेपासून एक सेंटिमीटर आत डायल गेजचं टोक टेकवलं. डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा ० वरून निघाला आणि ०.११ वर जाऊन परत आला. बऱ्याच गाड्यांना ०.०५ च्या आत चालतं. सर्वात उंच जागेवर खडूने खूण केली, डिस्क काढून दोन बोल्ट पुढे फिरवून बसवली. डिस्क दोषी असती तर उंचवटा खुणेबरोबर फिरला असता. तो हबवर जिथल्या तिथे राहिला.

हबच्या तोंडावर बोट फिरवलं तेव्हा नखाला लागली गंजाची पापडी, कागदापेक्षा पातळ. नवी डिस्क त्या पापडीवरच चढवलेली. हबच्या काठाशी असलेला फरक डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होतो. डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही, कारण जाडी तेव्हा सारखीच असते. पण पाय ब्रेकवर नसतानाही तिरपी डिस्क दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते, आणि हजारो किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते. दोष बसवताना झाला, बोंब उशिरा झाली, आणि आळ मालावर आला.

वायर ब्रशने हब चकचकीत केला, डिस्क बसवली, काटा ०.०३ वर थांबला. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली. फरक होताच, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा भरपूर माल शिल्लक होता, म्हणून हलका कट मारला. पॅड नवे घातले. नट चाक खाली टेकवून, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने आवळले. हवेच्या गनने एक नट करकचून आणि दुसरा ढिला बसला की डिस्क हबवर तिरपी ताणली जाते.

नंतर गुहागर रोडला नेऊन नवे पॅड डिस्कवर रुळवले. ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, मधे वारा लागू द्यायचा, असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरला पाहिजे. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय रोवून उभं राहिलं, तर एकाच जागी पॅडचा ठसा उमटतो आणि तिथून थरथर सुरू होते. म्हणून घाटात दुसरा गिअर टाका, ब्रेक सोडत-धरत उतरा, आणि खाली आल्यावर लगेच न थांबता थोडं सावकाश चालवा.

गॅरेजात गाडी सोडताना मेकॅनिकला एवढंच विचारा : काटा किती फिरला, आणि हब साफ केला का? आकडा सांगता येत नसेल, तर त्याला डिस्क बदलू देऊ नका.