पॅरिसच्या आधी चंडीगड

गेल्या काही वर्षांत बऱ्या परिस्थितीतल्या शाळांच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक गुळगुळीत माहितीपत्रक येऊन पडू लागलं आहे. ‘पॅरिस कलासहल, सात दिवस.’ आयफेल टॉवर, लूव्र, ओर्से, सीन नदीत बोटीतून फेरी, एक अख्खा दिवस डिस्नेलँड. खर्च माणशी दोन लाखांच्या पुढे. मुख्याध्यापक ते पत्रक कलाशिक्षकाकडे सरकवतात आणि म्हणतात, “सर, जरा बघा. आपल्या मुलांना जमेल का?”

मी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं आणि त्यांना घेऊन भरपूर हिंडलो. त्यामुळे निवृत्तीनंतरही अशी पत्रकं माझ्याकडे सल्ल्याला येतात. पॅरिसशी माझं काही वाकडं नाही. पण या पत्रकांत प्रत्येक चित्रासमोर मूल किती वेळ उभं राहणार, हे कधीच लिहिलेलं नसतं. कलासहलीच्या नियोजनात मला सर्वांत आधी तेच पाहायचं असतं.

मोनालिसाचंच घ्या. चित्राचा आकार ७७ बाय ५३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या फुल इम्पिरियल कागदाएवढा. समोर काच, काचेपुढे कठडा, कठड्यापुढे हात वर करून फोन धरलेली गर्दी. आठवीतल्या मुलाला त्यातून काय दिसतं? पुढच्या माणसाच्या फोनमधली मोनालिसा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. त्याआधी शेंगेन व्हिसा, आईवडील दोघांची संमती, तीस हजार युरोंचा विमा, आणि बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं. एवढं सगळं करून मूल तिथे पोचतं तेव्हा एखादी गोष्ट अर्धा तास बघायची सवयच त्याला नसते. ती सवय इथेच लावावी लागते.

म्हणून मी म्हणतो, आधी औंध, मग चंडीगड आणि मग ऐपत असेल तर पॅरिस. साताऱ्याजवळच्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. तिथे रविवर्मा आहेत आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं दगडी शिल्पही आहे. माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या टेकडीवर हेन्री मूर! एसटीने जाऊन येता येतं. मूल तिथे चाळीस मिनिटं एका जागी बसून चित्र काढू शकलं की ते पुढच्या सहलीला तयार झालं असं समजावं.

चंडीगडचं नाव काढलं की पालकांच्या कपाळावर आठी पडते. “तिथे काय आहे हो? सरकारी हापिसं!” एका आजोबांनी तर मला अमृतसर आणि वाघा बॉर्डर त्यात बसवून द्यायची गळ घातली होती. पण युरोपची एक राजधानी आपल्याकडे चालत आली असेल तर ती इथेच. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानीच उरली नाही. पहिला आराखडा अमेरिकेच्या आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० साली नोविकी विमान अपघातात गेले. मग पी. एल. वर्मा आणि पी. एन. थापर हे दोन अधिकारी युरोपात गेले आणि पॅरिसच्या र्‍यू द सेव्र रस्त्यावर कार्यालय असलेल्या ल कॉर्बुझिएला घेऊन आले. त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे सोबत. भारतीय वास्तुशिल्पींच्या चमूत ऊर्मिला यूली चौधरी होत्या, आदित्य प्रकाश होते आणि ए. आर. प्रभावळकरही होते. वर्गात प्रभावळकरांचं नाव घेतलं की मागच्या बाकावरचे सावरून बसतात.

नियोजनातली पहिली गोष्ट म्हणजे महिना. महाराष्ट्रातल्या शाळा डिसेंबर-जानेवारीत सहली काढतात आणि नेमकं तेव्हाच उत्तरेत धुकं उतरतं. पंजाब मेलने नाशिकरोडहून दिल्ली आणि तिथून कालका शताब्दी हा सरळ मार्ग, पण धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि पहिला दिवस फलाटावर जातो. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. हवा स्वच्छ, ऊन कोवळं आणि सावल्या लांब. काँक्रीटच्या इमारती बघायला सावली लागते. सोमवारी संग्रहालयं बंद, म्हणून मंगळवारी सकाळी पोचावं. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, संमतिपत्रं, सोबत शिक्षिका, हे सगळं नेहमीचंच, त्यावर शाई खर्च करत नाही. मात्र मुलांना गॅलरीत बसून रेखाटन करू द्यावं असं पत्र संग्रहालयाला दोन महिने आधी पाठवावं. आत फक्त पेन्सिल न्यायची, ओले रंग नाहीत.

निघण्याआधी शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर खडूने दोन रेघा मारून घ्याव्यात, एक १८३ सेंटिमीटरवर आणि दुसरी २२६ वर. कॉर्बुझिएने इमारतींची मापं ठरवायला एक काल्पनिक माणूस कल्पिला होता. त्याची उंची १८३ आणि हात वर केला की २२६. या मोजपट्टीला त्याने मॉड्युलर हे नाव दिलं. मुलं भिंतीला पाठ लावून हात उंचावतात आणि बहुतेकांची बोटं रेघेच्या बरीच खाली राहतात. एका मुलीने विचारलं होतं, “सर, मग आमच्या आईच्या मापाची इमारत कुठे?” वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत आणि तिने तो नाशिकच्या व्हरांड्यात विचारला. मॉड्युलरचा माणूस सहा फुटी युरोपीय पुरुष आहे, हे मुलांना चंडीगड बघण्याआधीच कळलेलं बरं. मग ती इमारतींकडे भक्तिभावाने बघत नाहीत, डोळे उघडे ठेवून बघतात.

पहिला अख्खा दिवस सेक्टर १० ला द्यावा. सरकारी संग्रहालय, वास्तुकला संग्रहालय आणि कला महाविद्यालय ही तिन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत. सिडकोच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना सेक्टर नवा नसतो. पण इथला सेक्टर साधारण आठशे बाय बाराशे मीटरचा, आत बाजार आणि शाळा, मधून हिरवा पट्टा. मूळ आराखड्यात १३ नंबर नव्हताच, हे कळलं की मुलं दिवसभर पाट्या वाचत फिरतात.

१९६८ साली उघडलेलं संग्रहालय कॉर्बुझिएनेच रेखलं. त्याच कल्पनेतून त्याने अहमदाबाद आणि टोकियोलाही संग्रहालयं बांधली. पण आतला ऐवज त्याच्याहून कितीतरी जुना. एप्रिल १९४८ मध्ये लाहोर संग्रहालयाची वाटणी झाली, साठ टक्के पाकिस्तानला आणि चाळीस टक्के भारताला. गांधार शैलीतले बुद्ध आणि बोधिसत्त्व असे आपल्याकडे आले आणि बरीच वर्षं ठिकठिकाणी राहून अखेर इथे स्थिरावले. आपल्या मुलांनी पांडवलेणी पाहिलेली असतात, काळ्या पाषाणात कोरलेला बुद्ध त्यांच्या ओळखीचा. इथला बुद्ध करड्या शिस्ट दगडाचा, केस कुरळे, अंगावरच्या वस्त्राला ग्रीक-रोमन पुतळ्यांसारख्या खोल चुण्या. लूव्रमध्ये जे ग्रीक शिल्प बघायला जातात, त्याचा एक पाझर दोन हजार वर्षांपूर्वी पेशावरच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता. मी मुलांना पुतळा काढायला सांगत नाही. खांद्यापासून मनगटापर्यंतच्या चुण्या फक्त काढायच्या आणि दोन चुण्यांमधली सावली कुठे सर्वांत गडद होते ते शोधायचं. वीस मिनिटांनी कुरकुर सुरू होते, तिसाव्या मिनिटाला शांत होतात. स्थिरचित्रात चादरीच्या घड्या घोटून कंटाळलेल्या मुलाला ‘हे कशासाठी’ याचं उत्तर तिथे मिळतं.

वरच्या दालनात पहाडी लघुचित्रं आहेत आणि माझ्या मते चंडीगडची खरी श्रीमंती तीच. गुलेरच्या मानकूने १७३० साली केलेल्या गीतगोविंदाच्या चित्रमालिकेतली पानं इथे आहेत. बसोहली शैलीतल्या काही चित्रांत दागिन्यांमधल्या पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखांचे तुकडे चिकटवलेले असतात. समोरून ते काळसर ठिपके दिसतात. गुडघे वाकवून, मान तिरकी करून खालून बघितलं की एकदम हिरवी चमक मारतात. ही चमक कुठल्याही पुस्तकातल्या छपाईत उतरत नाही, आणि मुलांना एवढ्या लांब आणायला मला तेवढं कारण पुरतं.

इथेच बी. एन. गोस्वामींची गोष्ट सांगायची. आयएएस सोडून ते कलेतिहासाकडे वळले, पंजाब विद्यापीठात शिकवलं, २०२३ मध्ये गेले. मानकू, त्याचा धाकटा भाऊ नैनसुख, त्यांचे वडील पंडित सेऊ, अशी चित्रकारांची घराणी त्यांनी उलगडली. त्यासाठी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या. यात्रेला आलेले चित्रकार तिथे आपलं नाव, गाव, बापाचं नाव लिहून जात. त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत खापरपणजोबांची सही पाहिलेल्या नाशिकच्या मुलाला हे समजवावं लागत नाही. राजाच्या दरबारावरून शैली ओळखण्यापेक्षा ती घराण्यावरून ओळखावी, हे गोस्वामींनी १९६८ मध्ये मांडलं. गाण्यातली घराणी माहीत असलेल्या आपल्या लोकांना ते तेव्हाच पटायला हवं होतं.

संग्रहालयातून निघालं की कला महाविद्यालय. तिथे मुंबईचा धागा हाती लागतो. ही संस्था म्हणजे १८७५ साली लाहोरला स्थापन झालेल्या मेयो स्कूल ऑफ आर्टची भारताकडे आलेली शाखा, आधी सिमल्याला आणि मग इथे. मेयोचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवूड किपलिंग हे आपल्या जे. जे. मधून तिकडे गेले आणि लाहोर संग्रहालयाचे क्युरेटरही झाले. म्हणजे सकाळी ज्या पुतळ्यांसमोर मुलं बसली होती त्यांतल्या काहींची देखभाल एके काळी मुंबईच्या एका कलाशिक्षकाने केली असणार. मला याचा उगीचच अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी सेक्टर १. २०१६ साली कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या सतरा कामांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे कॅपिटॉल संकुल आहे. ओळखपत्र लागतं, ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, आणि कामकाज चालू असल्यामुळे सगळीकडे जाता येत नाही. उच्च न्यायालयासमोर पहिला प्रश्न ठरलेला: “सर, याला प्लॅस्टर करायचं राहिलंय का?” उत्तर द्यायची घाई करू नये. भिंतीजवळ नेऊन साच्याच्या खुणा दाखवाव्यात. ओतकाम कुठे थांबलं, कुठे पुन्हा सुरू झालं, फळीचा सांधा कुठे आला, सगळं भिंतीवर उमटलेलं असतं. यंत्रं थोडी आणि डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया-माणसं पुष्कळ, अशा कामावर या भिंती उभ्या राहिल्या. हिरवा, पिवळा, लाल असे तीन प्रचंड खांब सगळ्यांच्या फोनमध्ये जातात. मी मुलांना उन्हाकडे तोंड केलेली काँक्रीटची जाळी काढायला लावतो आणि तासाभराने तीच पुन्हा. सावली किती सरकली ते दोन चित्रांत दिसतं. विधानभवनाच्या माथ्यावरचा फुगीर कमरेचा मनोरा कॉर्बुझिएला अहमदाबादच्या वीजकेंद्रातल्या शीतक मनोऱ्यांवरून सुचला. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचे मनोरे रोज बघणारी माझी मुलं तो लगेच ओळखतात.

आपलं मत सांगायचं तर तो विस्तीर्ण चौक मला रुक्ष वाटतो. १९८५ साली तिथे उभं राहिलेलं ‘उघडा हात’ हे शिल्प वाऱ्यावर फिरतं, ते छान. पण दुपारी तिथून चालत जाताना डोक्यावर झाड नाही, हे मुलांनी वहीत लिहिलं तर मी खोडत नाही.

रॉक गार्डन त्यानंतर, आणि आधी मुळीच नाही. एकदा मुलं तिथे शिरली की त्या दिवशी त्यांना दुसरं काही दाखवता येत नाही. रस्ते खात्यातले साधे निरीक्षक नेकचंद यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी रानात चोरून हे वसवलं. नवं शहर उठवताना पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेची जुनी सामग्री, काही म्हणून टाकलं नाही. बेकायदा म्हणून पाडण्याऐवजी प्रशासनाने १९७६ मध्ये ते लोकांना खुलं केलं, आणि १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. इथे चित्र काढायचं नाही. एक पुतळा निवडायचा आणि त्यात काय काय वापरलंय त्याची यादी करायची. संध्याकाळी सुखना तलावाच्या काठाने पायी. जानरेच्या रक्षेचं विसर्जन याच तलावात झालं.

तिसरा दिवस त्याच जानरेचा. पंजाब विद्यापीठातलं पाण्यात उभं असलेलं गांधी भवन आणि सेक्टर ५ मधलं त्याचं घर. त्याच्या सागवानी, वेताने विणलेल्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पायांच्या खुर्च्या सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघाल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्राने अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली, पण तोवर बऱ्याच गेल्या होत्या. तो पायाचा सांधा मुलांकडून तीन बाजूंनी काढून घ्यावा. घनभूमिती एका बैठकीत डोक्यात शिरते.

चंडीगडला मोने नाही, सेझान नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी एक दिवस पॅरिसला जायलाच हवं. पण ज्या मुलाने गांधाराच्या चुण्यांपुढे तासभर काढला आहे, त्याला लूव्रमध्ये गर्दी टाळून ग्रीक शिल्पांच्या दालनात जायला सांगावं लागणार नाही.

मुख्याध्यापकांना एक विनंती. सहलीहून परतल्यावर ‘मी पाहिलेले चंडीगड’ हा निबंध कृपा करून लिहायला लावू नका. मुलांच्या रेखाटनवह्या ग्रंथालयातल्या टेबलावर महिनाभर उघड्या मांडा, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना त्या आधी चाळू द्या.